कालवाच्या शिंपल्यावरचा अठरा

आमच्या गल्लीत एका गावाचं नाव घ्यायची चोरी होती. ही चोरी लेन पुकाल्स्कीनं लावून दिलेली. टीव्हीवर हवामानाच्या नकाशात ते गाव आलं की हा बाबा रिमोट शोधायला लागायचा. कुणाला बोलायचंच झालं तर 'तिकडे' म्हणायचं, बस. ते गाव म्हणजे इंडियानापोलिस. मी हे नाव आत्ताच घेऊन टाकतो, कारण लेनच्या देखत घ्यायची माझी छाती नव्हती.

कारण सगळ्या बाल्टिमोरला ठाऊक आहे. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये, बर्फ पडत असताना, आमची फुटबॉलची टीम ट्रकांत सामान भरून रातोरात तिकडे निघून गेली. ना निरोप, ना काही. अख्ख्या शहराच्या हातावर तुरी दिल्या आणि हेल्मेटवर रंगवलेली घोड्याची निळी नालसुद्धा घेऊन गेली. लेन तेव्हा पंचेचाळिशीत होता, पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. सकाळी रेडिओवर बातमी ऐकली आणि हातातला टोस्ट तसाच धरून उभा राहिला, असं त्याची बायको लोरेटा सांगायची. पुढे तीन महिने तो घरात कुणाशी धड बोलला नाही. "मी मेले असते तर इतकं सुतक पाळलं नसतं यानं," असं ती चारचौघांत म्हणायची.

त्या उन्हाळ्यात लोरेटानं एक उद्योग केला. आमच्या पूर्वेकडच्या गल्ल्यांत खिडक्यांच्या जाळ्या रंगवायची पद्धत आहे. बाहेरून चित्र दिसतं, आतून रस्ता दिसतो, आणि आत कोण बसलंय ते रस्त्यावरच्याला कळत नाही. लोक लाल छपराचं घर काढतात, तळं काढतात, दोन हंस सोडतात. लोरेटानं जॉनी काढला. जॉनी युनायटस, आमचा क्वार्टरबॅक, सगळा डाव ज्याच्या हातातून सुटतो तो. निळ्या अंगरख्यावर एकोणीस नंबर, पायात काळे उंच बूट, हात मागे ओढलेला, चेंडू आता सुटणार. बूट जरा जास्तच मोठे झाले होते. "पायात बादल्या घातल्यात का गं याच्या?" लेननं विचारलं. तीन महिन्यांतलं ते त्याचं पहिलं धड वाक्य, आणि ते ऐकून लोरेटा पायरीवर बसून रडली.

आता ऑगीचं सांगतो, कारण हे सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं. ऑगी शिमान्स्की लेनच्या समोरच्या घरात राहायचा. नऊ वर्षांचा असताना पोलंडहून आलेला, ठेंगणा, अंगानं आडवा. कारखान्यात लेन वर क्रेनच्या खोक्यात आणि ऑगी खाली. पोलादाच्या लादीवर खडूनं वजन लिहायचं, साखळी अडकवायची आणि हातानं खूण करायची. त्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकूच यायचं नाही. अंगठा वर म्हणजे उचल. तळहात पालथा म्हणजे हळू. दोन्ही हात पोटाशी एकमेकांत धरले की जिथं आहे तिथंच धर, काही म्हणजे काही हलवू नकोस. बत्तीस वर्षं वीस-वीस टनांची लादी ऑगीच्या डोक्यावरून गेली आणि त्यानं एकदाही वर बघितलं नाही. "वर काय बघायचं? लेन आहे ना," म्हणायचा. असा हा भरवसा होता, आणि लेनला वाटायचं की तो आयुष्यभराचा आहे.

टीम गेली त्याच्या पुढच्या जानेवारीत लेननं वांडाच्या अड्ड्यावर एक टेबल सुरू केलं. वांडाकडे डकपिन बोलिंगचे सहा पट्टे होते, मुठीत मावणारा चेंडू आणि बुटक्या पिना. एका कोपऱ्यात बिअरचा काउंटर. वर्षाच्या शेवटच्या मोठ्या सामन्याच्या आदल्या शनिवारी दुपारी तिथं जमायचं, कालवं खायची आणि भांडायचं: आजवरचा सगळ्यात मोठा क्वार्टरबॅक कोण? पोटभर भांडून झालं की मत द्यायचं. मत कसं, तर कालव खाल्लं की शिंपला पुसायचा, त्यावर आपल्या माणसाचा नंबर काळ्या मार्करनं लिहायचा आणि बादलीत टाकायचा. ज्याला जास्त शिंपले, त्याचं चित्र वर्षभर काउंटरच्या वरच्या खिळ्याला. बरोबरी झाली तर आधीचंच राहणार. चित्रातला हरला तर ज्यानं ते लावलं त्यानंच स्वतःच्या हातानं उतरवायचं. हा शेवटचा नियम खुद्द लेनचा. हिवाळ्यात जाळ्या खिडक्यांवरून काढून ठेवतात, म्हणून त्यानं लोरेटाची जाळी तिथं नेली. एकोणीस जिंकला आणि जाळी तिथंच राहिली.

"माझी खिडकी उघडी पडली की रे!" लोरेटा म्हणाली, पण मनातून खूश होती. दर वर्षी ऑक्टोबरात ती डबी आणि कुंचला घेऊन वांडाकडे जायची, स्टुलावर चढायची आणि उडालेला रंग पुन्हा भरायची. शेवटचे बूट तिनं दोन हजार एकमध्ये काळे केले. पुढच्या वसंतात ती गेली, आणि त्याच वर्षी जॉनी युनायटसही गेला. त्यानंतर त्या जाळीला कुणी कुंचला लावलेला नाही. लेन रोज दुपारी एक बिअर घ्यायला जायचा, तो बिअरसाठी जात नव्हता हे वांडालाही ठाऊक होतं.

पंचवीस वर्षं झाली. पंचवीस वेळा बादली पालथी झाली आणि पंचवीस वेळा एकोणीस जिंकला. कधी दोन शिंपल्यांनी, कधी एकानं. आणि दर वर्षी एका शिंपल्यावरच्या एकोणिसातला एकाचा आकडा असा असायचा की त्याला वर लांबलचक शेंडी, पोलंडातल्या शाळेत शिकवतात तशी. तो ऑगीचा. मत गुप्त असलं तरी ऑगीचं मत लेनला डोळे मिटूनही ओळखता आलं असतं.

आता ते वर्ष, दोन हजार दहा. शुक्रवारपासून असं काही बर्फ पडायला लागलं की शनिवारी सकाळी गल्लीतल्या मोटारी नुसत्या उंचवट्यांवरून ओळखायच्या. लेन एकाहत्तर वर्षांचा, पण सात वाजताच फावडं घेऊन बाहेर. आधी आपली जागा उकरली आणि स्वयंपाकघरातली खुर्ची तिथं ठेवली. आमच्याकडे हा कायदाच आहे म्हणा ना. ज्यानं जागा उकरली त्याची ती जागा, आणि खुर्ची ठेवली की देवानंही तिथं गाडी लावू नये. मग तो समोरच्या बाजूला गेला, कारण ऑगीचे गुडघे कामातून गेले होते आणि ऑगीची जागा दर वर्षी लेनच उकरायचा.

ऑगी दारात येऊन उभा राहिला. गळ्याभोवती मफलर, पायात सपाता.

"लेन, जरा लांब उकरशील का? दोन गाड्यांएवढी?"

"का रे? लिमोझिन घेतलीस?"

"जावई येणार आहे मंगळवारी."

"जावई येतोय की त्याची आगगाडी येतेय?" लेन म्हणाला, पण उकरू लागला. ऑगी सांगतोय ना, मग वर काय बघायचं? ऑगीची ही सवय आता त्याला लागली होती. साडेतीन तास घाम गाळला. एक खुर्ची एवढ्या जागेला पुरणार नाही म्हणून घरातून दुसरी आणली, पिवळ्या गादीची, लोरेटाच्या जेवणाच्या टेबलाची. ऑगी दारातून बघत होता. मध्येच एकदा म्हणाला, "लेन, तुझ्याशी जरा बोलायचं होतं." लेन म्हणाला, "वांडाकडे बोल. माझा श्वास पुरत नाहीये." आणि ते तिथंच राहिलं.

दुपारी वांडाकडे पाचच जण पोचले. एरवी अकरा-बारा असतात. शेजारच्या डंडॉकमधले दोघे पिटरमन भाऊ म्हणजे एकोणिसाची हुकमी मतं, पण त्यांनी फोन केला की बर्फानं दारच उघडत नाही. वांडानं लेनकडे बघितलं.

"या वर्षी राहू दे का, राजा? माणसंच नाहीत."

"का राहू दे? नियम म्हणजे नियम."

"अरे, पण जाळी..."

"मी आहे, ऑगी आहे. दोन झाले. बाकीचे तिघं तीन दिशांना तोंड करून बसलेत. मोजता येतं मला." असं म्हणून तो बसला, अगदी निर्धास्त.

बाकीचे तिघं म्हणजे निवृत्त पोस्टमन टॉलिव्हर, खानावळवाला स्टाव्ह्रोस आणि कोलिन. कोलिन शाळेत शिकवायचा, तिशीचा, ओहायोतून येऊन दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत घर घेतलेला. मुलगा गुणी, पण टीम गेली तेव्हा हा जेमतेम चार वर्षांचा होता. वांडा कालवं फोडून पुढे सरकवत होती आणि टॉलिव्हरनं तोंड उघडलं.

"चार अंतिम सामने खेळला, चारही जिंकला. आणि चारांत मिळून एकदाही चेंडू समोरच्याच्या हातात दिला नाही. मॉन्टाना. मी घरी जाऊ का आता?"

"जा की," वांडा म्हणाली. "दोन फूट बर्फ आहे, पोहत जा."

"मॉन्टानाला टीम सोन्यासारखी मिळाली," स्टाव्ह्रोस म्हणाला. "ब्रेडीचं बघा. निवडीत एकशे अठ्ठ्याण्णव जणांना घेतलं, मग याला. कुणी विचारत नव्हतं त्याला!"

लेन याचीच वाट बघत होता. "कुणी विचारत नव्हतं? अरे, जॉनीला पहिल्या टीमनं एक सामना न खेळवता हाकलला! सहा डॉलरला सामना खेळला तो, काचा पडलेल्या मैदानावर. सहा डॉलरला तुझा ब्रेडी बुटाची नाडी तरी बांधेल का?"

"ते वेगळे दिवस होते, मिस्टर लेन," कोलिन म्हणाला.

"हो ना, वेगळेच होते. तेव्हा क्वार्टरबॅकला आडवा पाडला की टाळ्या पडायच्या. आता त्याच्या अंगावर जोरात शिंकलं तरी दंड लावतात."

कोलिननं घोट घेतला आणि सांभाळून म्हणाला, "रागावू नका, पण मॅनिंग समोरच्यांची मांडणी बघतो आणि उभ्या उभ्या डाव बदलतो. असं डोकं कुणाचंच नव्हतं."

मॅनिंग म्हणजे तिकडचा. अठरा नंबर, डोक्यावर आमची नाल. तीन आठवड्यांपूर्वीच त्यानं शहराला पुढे मिळालेल्या आमच्या नव्या टीमला घरी बोलावून धुतलं होतं आणि आता दुसऱ्या दिवशी अंतिम सामना खेळणार होता. टॉलिव्हर आणि स्टाव्ह्रोस दोघांनीही एका सुरात "हूऽऽ" केलं. लेन मात्र कोलिनवर चिडला नाही. परक्या गावचं पोर, त्याला काय कळणार!

"बाळा, जॉनी काय चिठ्ठी वाचून खेळायचा? सगळे डाव त्याचे तोच सांगायचा. कानात कुजबुजणारा कुणी नव्हता. आणि सलग किती सामन्यांत त्याच्या फेकीवर गोल झाला? सांग रे, ऑगी!"

ही दर वर्षीची ठरलेली जागा. इथं ऑगीनं टेबलावर मूठ आपटायची आणि "सत्तेचाळीस!" म्हणून ओरडायचं. पेले उडायचे, वांडा शिव्या द्यायची. ऑगी शिंपल्यातलं पाणी बघत बसला होता.

"ऑगी?"

"सत्तेचाळीस," ऑगी म्हणाला. मूठ नाही, काही नाही.

लेनला वाटलं, गुडघे दुखत असतील.

मग शिंपले पुसले गेले, मार्कर फिरला, बादली फिरली. वांडानं ती काउंटरवर पालथी केली आणि चष्मा लावला.

"एकोणीस," ती म्हणाली. लेननं मान हलवली. "सोळा, मॉन्टाना. बारा, ब्रेडी. अठरा." इथं सगळे हसले, कोलिननं उठून मुजरा केला. वांडानं शेवटचा शिंपला उचलला आणि तो बराच वेळ नुसता हातात धरला.

"वाच की," लेन म्हणाला.

"अठरा."

कुणी हसलं नाही. टॉलिव्हर कोलिनला म्हणाला, "दोन टाकलेस काय रे?" कोलिननं दोन्ही हात वर केले, बिचारा लालबुंद झाला होता. लेन उठून काउंटरपाशी गेला. वांडानं शिंपला मुठीत दाबला होता, त्यानं तिची बोटं एकेक करून उघडली.

आठाच्या आधीच्या एकाला वर लांब शेंडी होती. बत्तीस वर्षं पोलादाच्या लाद्यांवर खडूनं लिहिलेला तोच एक.

लेनला आधी वाटलं, चुकून झालं असेल, नऊचं शेपूट वळून मिटलं असेल. त्यानं शिंपला दिव्याखाली धरला. आठ म्हणजे आठच होता, चांगला ठसठशीत.

"ऑगी, हे तू लिहिलंस?"

"मी लिहिलं."

"मस्करी करतोयस?"

"नाही रे." ऑगी खुर्चीतून उठायला बघत होता, गुडघे उठू देत नव्हते. "तो खरंच मोठा आहे, लेन. पाच वर्षं मला असं वाटतंय. पाचही वर्षं मी तुझ्यासाठी एकोणीस लिहिला. एकदा तरी माझं लिहावंसं वाटलं."

"आजच?"

"आज नाही तर मग कधी लिहिणार होतो?"

याचा अर्थ लेनला तेव्हा कळला नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "मॉन्टाना लिहायचास! ब्रेडी लिहायचास! माझ्या आजीचं नाव लिहिलं असतंस तरी हसलो असतो मी. पण त्या नालेखालचा माणूस? लोरेटाच्या खिळ्यावर? ती स्टुलावर चढायची तेव्हा स्टूल कोण धरायचं रे? तूच धरायचास ना?"

"मला वाटलं, डंडॉकचे येतील. मला वाटलं, माझ्या एकानं काही..."

"म्हणजे मला कळणार नाही अशी तजवीज होती. केसानं गळा कापायचा आणि वर रक्तही दिसू द्यायचं नाही!"

"लेन, अजून एक सांगायचंय. सकाळपासून सांगायचं म्हणतोय."

"नको सांगू. आज पोट भरलं माझं."

वांडा म्हणाली, पाच माणसांची मतं कसली, मी धरत नाही. स्टाव्ह्रोस म्हणाला, मी ब्रेडी मागे घेतो, एकोणीस लिही. "मग बरोबरी झाली, जाळी राहिली," तो म्हणाला. भला माणूस. पण लेननं ऐकलं नाही. नियम त्याचाच होता. त्यानं स्टूल ओढलं, चढला, आणि या वेळी स्टूल धरायला कुणी पुढं येण्याआधी जाळी खिळ्यावरून काढली. भिंतीवर तिच्या मापाचा स्वच्छ चौकोन उरला. तो बघून वांडानं डोळ्याला फडकं लावलं.

जाळी कोटाखाली मावत नव्हती. लेन ती छातीशी धरून भर बर्फातून घरी आला. घरी आल्यावर पुढच्या खोलीच्या खिडकीला ती बसवली, भर फेब्रुवारीत, सव्वीस वर्षांपूर्वीच्याच बिजागऱ्यांवर. मग तिच्यामागे खुर्ची टाकून बसला.

रविवारी सामना झाला. तिकडचे हरले. शेवटी शेवटी अठरानं चेंडू टाकला आणि तो समोरच्यानं मधल्यामधे पळवून थेट गोलात नेला. गल्लीत लोकांनी पातेली वाजवली. दुसरं कुठलंही वर्ष असतं तर लेन पायरीवर येऊन नाचला असता आणि ऑगीनं समोरून बिअरची बाटली फेकली असती. लेननं टीव्ही बंद केला आणि गार सूप तसंच पिऊन टाकलं. त्याला ऑगीचा राग येत होता आणि दर रविवारसारखी ऑगीला अर्धं सूप नेऊन द्यायची वेळ झाली याचाही राग येत होता.

मंगळवारी सकाळी रेडिओ सांगत होता की संध्याकाळपासून दुसरं वादळ, पहिल्यासारखंच. नऊच्या सुमारास गल्लीत एक भाड्याचा ट्रक शिरला. ऑगीच्या दारासमोर थांबला, जावई उतरला, त्यानं पिवळी खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि ट्रक त्या जागेत मागे घेतला. जागा अगदी मापात होती. लेननं नंबरप्लेट वाचली. इंडियाना.

पहिल्यांदा खाट आली. मग टीव्ही. मग ऑगीची आरामखुर्ची, जिच्यात बसून ऑगीनं लेनसोबत शेकडो सामने बघितले होते. लेन जाळीमागे हलला नाही. बर्फात, ट्रक भरून, तिकडे! आणि ट्रकाला जागा कुणी करून दिली? यानंच. साडेतीन तास कंबर मोडून, लोरेटाची खुर्ची ठेवून. असा मूर्ख अख्ख्या शहरात दुसरा सापडणार नाही, असं त्याला वाटलं. सव्वीस वर्षांपूर्वी निदान कुणी त्याच्याकडून ट्रकांना जागा उकरून घेतली नव्हती.

अकरा वाजता ऑगी रस्ता ओलांडून आला. काठी टेकत, जावयाचा हात झिडकारत. खिडकीसमोर उभा राहिला. त्याला आतलं काही दिसत नव्हतं, दिसत होता तो जॉनी, बादलीएवढ्या बुटांचा. पण लेन कुठं बसलाय हे त्याला ठाऊक होतं. जुन्या खिडक्यांच्या काचा पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"लेन. मोनिकानं खालच्या मजल्यावर खोली केलीय मला. जिना नाही. डॉक्टर म्हणाला, जिना बंद."

ऑगीनं काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आठ महिने झाले ठरून. आठ महिने मी मिठाची गुळणी धरून बसलोय. वांडालाही बोललो नाही. कसं सांगणार होतो? तुझ्या घरात ते नाव घेता येत नाही. माझी पोरगी नऊ वर्षं तिथं राहतेय, लेन. तू एकदा तरी विचारलंस, मोनिका कुठल्या गावात असते? 'तिकडची काय म्हणते' एवढंच. माझा नातू अठरा नंबर घालून झोपतो, त्याचा फोटो मी पाकिटात उलटा ठेवतो, तुला दिसू नये म्हणून. स्वतःच्या नातवाचा!"

बोलावं असं लेनला वाटलं, आणि काय बोलावं ते सुचण्याआधीच पुन्हा संताप आला. आठ महिने! रोज दुपारी शेजारी बसून बिअर पिताना आठ महिने. नाव घेता येत नव्हतं हे खरं, पण 'लेन, मी जातोय' म्हणायला कुठलं नाव लागतं?

"दार उघड रे," ऑगी म्हणाला.

लेन उठला नाही. वाईट वागला का? वागला. पण ज्याला एकाच आयुष्यात दोनदा असं टाकून गेलेत, त्यानं त्या क्षणी काय करायला हवं होतं ते मला तरी सांगता येणार नाही.

ऑगीनं काठी काखेत धरली आणि दोन्ही हात पोटाशी एकमेकांत अडकवले. रस्त्यावरून जाणाऱ्या बाईला वाटलं असेल, म्हातारा प्रार्थना करतोय. लेनला कळलं. जिथं आहे तिथंच धर, काही हलवू नकोस. मग जावयानं त्याला ट्रकात चढवलं. ट्रक निघाल्यावर लेननं पाहिलं, त्या मोकळ्या जागेत मधोमध पिवळी खुर्ची परत ठेवलेली होती.

संध्याकाळी दुसरं वादळ आलं, बुधवारभर बर्फ पडलं. गुरुवारी सकाळी गल्ली पुन्हा पांढरी सपाट. खुर्चीची पाठ तेवढी चार बोटं वर दिसत होती.

लेननं फावडं घेतलं. आधी आपली जागा उकरली. मग पायरीवर बसून धापा टाकल्या, एक कॉफी प्यायला, आणि समोर गेला. ऑगीची जागा उकरताना तो मोठमोठ्यानं शिव्या देत होता, ऑगीला, जावयाला, गुडघ्यांना, डॉक्टरला. फावडं असं हाणत होता की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. पण उकरली, पहिल्याइतकीच लांब, तसूभर कमी नाही. पिवळ्या खुर्चीवरचं बर्फ त्यानं बाहीनं पुसलं आणि ती मधोमध ठेवली.

तेवढ्यात कोलिन गाडी घेऊन आला. शनिवारपासून तो लेनला तोंड चुकवत होता. काच खाली करून तो हळूच म्हणाला, "मिस्टर लेन, मला कुठंच जागा नाहीये. मिस्टर ऑगी तर आता इथं राहत नाहीत ना? ही जागा कुणाची?"

लेन फावड्यावर रेलला. त्याचा श्वास लागला होता, पापण्यांवर बर्फ होतं.

"ऑगीची," तो म्हणाला. "तो इंडियानापोलिसला गेलाय."

कोलिननं काच वर केली आणि गाडी पुढच्या गल्लीत नेली.